वहिनीची नक्कल

"खोल श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका," असं सांगून वहिनी नेहमीसारखी शिशाच्या भिंतीमागे गेली आणि बटणावर बोट ठेवणार, तोच समोर स्टँडला छाती टेकून उभा असलेला टॅक्सीवाला फस्सकन हसला. त्याचे उघडे खांदे गदगदा हलायला लागले. वहिनीचं बोट तोवर खाली गेलं होतं. पडद्यावर फोटो उमटला तो धुरकट, फासळ्यांना फासळ्या घासल्यासारखा. परत काढावा लागणार होता. असं काही झालं की ती रागवायची नाही, पण आज भिंतीमागून बाहेर येताना तिचा चेहरा आपोआप कडक झाला. टॅक्सीवाल्याने हात जोडले. म्हणाला, माफ करा मॅडम, पण तुम्ही अगदी वहिनीसारखं बोललात. कोणती वहिनी, असं तिने विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. कारण या हॉस्पिटलात तिला सगळे मॅडमच म्हणत. वहिनी म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते मागच्या वर्षी गेलं होतं.

टॅक्सीवाल्याला बोलायला निमित्तच हवं होतं. खोकत खोकत त्याने सांगितलं, की पडद्यांच्या कापडाचं एक मोठं दुकान आहे, त्याच्या वरच्या गोदामात शनिवारी संध्याकाळी एक बाई नकला करायची. पन्नासेक खुर्च्या असतील नसतील. एकदा एका गिऱ्हाइकाने त्याला आत ओढून नेलं, मग तो आपण होऊन जायला लागला. बाई काय काय करायची, पण सगळे वाट बघायचे ते एक्स-रेवाल्या वहिनीची. ही वहिनी घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा हनुवटी वर करा म्हणते, भाजीवाल्याला श्वास रोखून वजन करायला लावते, आणि सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलं की स्वतः मात्र टुणकन भिंतीमागे जाऊन उभी राहते. आणि शेवट? शेवटी ती स्वतःच्या नणंदेचाच फोटो काढते. भिंतीमागे जाते ती बराच वेळ येतच नाही. मग येते, आणि काही झालंच नाही अशा तोंडाने म्हणते, झालं, कपडे घाल. "हसून हसून मुरकुंडी वळायची मॅडम. तुम्ही बघायला हवं होतं."

वहिनीने त्याला पुन्हा उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. मग तिला बोलावं लागलं. खोल श्वास घ्या, हे ती इतकी वर्षं दिवसातून किती वेळा म्हणत आली होती, ते शब्द तिच्या तोंडात चावी फिरवल्यासारखे आपोआप फिरायचे. आता मात्र प्रत्येक शब्द कोणीतरी आधी उचलून, उलटापालटा करून, परत जागेवर ठेवला आहे असं वाटलं. ती भिंतीमागे गेली. टुणकन गेली का? तिला ठरवता येईना. फोटो यावेळी स्वच्छ आला. तिने बाहेर येऊन "झालं" म्हटलं आणि कपडे घाला हे म्हणायचं टाळलं. टॅक्सीवाला उघडाच उभा राहिला, पुढे काय करायचं ते न कळून.

नणंदेला घरात भिंगरी म्हणत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती शाळेत होती आणि पहिल्याच दिवशी तिने नव्या वहिनीला दाराशी अडवून मीटर तपासायला आलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं होतं, की या घरात नवीन जोडणी कोणी दिली, परवानगी कुठे आहे. वहिनी इतकी गांगरली, की हातातली बॅग उघडून खरंच काहीतरी शोधायला लागली. त्यावरून भिंगरी पुढे कितीतरी वर्षं हसत होती. कोणाचंही चालणं, बोलणं तिच्या अंगात शिरायचं आणि मग ती त्या माणसाला बाहेर काढल्याशिवाय जेवायची नाही. डॉक्टर, बसचा कंडक्टर, खालच्या मजल्यावरचे शिकवणीवाले सर, ते नाक शिंकरून मग हातरुमाल शोधायचे. एकदा दिवे गेले होते तेव्हा जिन्यात बसून तिने अंधारात सगळ्या इमारतीच्या नकला केल्या. माणसं आपापल्या दारात उभी राहून दुसऱ्यांना हसत होती आणि आपली पाळी आली की गप्प होत होती. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. दुसऱ्या खेपेला मुलाच्या वडिलांची नक्कल तिने मुलासमोरच केली, आणि मुलगा हसलासुद्धा, पण परत आला नाही. तिला त्याचं फार काही वाटल्यासारखं दिसलं नाही. दिसलं नाही, एवढंच. मग ती त्या पडद्यांच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकासमोर कापड अंगावर घेऊन खिडकी व्हायची: ही उघडी, ही बंद, ही सकाळची, ही पाहुणे येणार असतानाची. मालकाने तिच्यापायी गोदाम मोकळं करून दिलं ते उगाच नाही.

एवढ्या सगळ्यांच्या नकला करणारी भिंगरी वहिनीची नक्कल मात्र कधी करायची नाही. निदान घरात. एकदा भांडी विसळता विसळता वहिनीनेच सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, माझी का नाही करत गं? भिंगरीने तिच्याकडे मान वाकडी करून बघितलं होतं. "तू पकडता येत नाहीस, वहिनी," ती म्हणाली होती. "तुला काही खोडच नाही." हे ऐकून वहिनीला आधी बरं वाटलं, मग कुठेतरी वाईट वाटलं, आणि मग दोन्ही मिळून ते वाक्य तिने जपून ठेवलं. आपल्याला खोड नाही. कामावर कोणी चिडलं, घरात कोणी बोललं, की ती मनातल्या मनात त्या वाक्याला हात लावून यायची. आणि आता एक खोकणारा टॅक्सीवाला सांगत होता, की पन्नास खुर्च्यांवर बसून माणसं तिच्या खोडीला टाळ्या देत होती. मग ते वाक्य खोटं होतं? की तेव्हा खरं होतं आणि पुढे भिंगरीला काहीतरी सापडलं? की आपल्यालाच नंतर खोड लागली? वहिनी घरी जाताना फुटपाथवर एका बंद दुकानाच्या काचेत स्वतःला बघत चालली. काचेतली बाई सरळ चालत होती, पिशवी पोटाशी धरून. यात हसण्यासारखं काय आहे ते तिला दिसेना. मग वाटलं, हेच असेल.

पण खरं सतावत होतं ते हे नव्हतं. नकला करायच्या तर करू दे, तिचा स्वभावच तो. सतावत होता तो शेवट. भिंगरीचा खराखुरा फोटो काढला त्या दिवशी काय झालं ते भिंगरीला आणि तिला, दोघींनाच माहीत होतं. म्हणजे वहिनीची अशी समजूत होती, की तिला एकटीलाच माहीत होतं. भिंगरीचा खोकला जात नव्हता. आज करू उद्या करू करत शेवटी एका दुपारी ती दोन पेशंटच्या मधे येऊन टपकली. गाऊन घातला, तो मागून बांधायचा असतो हे ऐकून पुढून बांधला, यंत्रासमोर कमरेत वाकून त्याला नाचायला येता का विचारलं. वहिनीने हसू दाबून तिला उभं केलं. श्वास घे, धर, हलू नको. भिंगरीने गाल फुगवले. वहिनी भिंतीमागे गेली, बटण दाबलं, आणि पडद्यावर डाव्या बाजूला वर, जिथे काळं असायला हवं, तिथे पांढरं दिसलं.

त्यानंतरचं वहिनीला आठवत नाही. म्हणजे सगळं आठवतं आणि मधलं तेवढं आठवत नाही. खुर्चीचं रेक्झिन एका कोपऱ्यात फाटलेलं होतं आणि त्यातून पिवळा स्पंज दिसत होता, हे आठवतं. बाहेरून भिंगरीचा आवाज आला, वहिनी, मी आता श्वास सोडू की नको, हे आठवतं. मग आपण "सोड" म्हणालो का, ती मनानेच सोडून मोकळी झाली, हे आठवत नाही. आपण आत किती वेळ होतो? क्षणभरच, असं ती आजवर धरून चालली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रोजच्यासारखा होता याची तिला खात्री होती. चेहरा कसा ठेवायचा हा तिच्या कामाचा अर्धा भाग होता. पेशंट आधी तुमच्याकडे बघतो, यंत्राकडे नाही. ती म्हणाली, झालं, कपडे घाल. भिंगरीने विचारलं, कसा आलाय फोटो? वहिनी म्हणाली, रिपोर्ट डॉक्टर देतील. "मलाही?" भिंगरी हसत म्हणाली, आणि कपडे घालायला लागली. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. वहिनीने ते काढून नीट लावून दिलं. बस, एवढंच. आपण उत्तम निभावलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि त्या वाटण्याच्या आधारावर तिने पुढचे सगळे दिवस काढले होते: औषधं, रांगा, भिंगरीचे केस जाणं, शेवटी शेवटी आवाज गेल्यावर नुसत्या भुवयांनी तिने वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांची केलेली नक्कल. आणि या सगळ्यात, अंगात ताकद होती तोवर, दर शनिवारी ती गोदामात जाऊन तो क्षण लोकांना दाखवत होती. बराच वेळ येतच नाही. म्हणजे क्षणभर नव्हतंच ते. म्हणजे चेहरा रोजच्यासारखा नव्हता. किंवा होता, आणि म्हणूनच तिला कळलं.

आणि लोक हसत होते. खरंच हसत होते? तिथे? वहिनीला एवढं एकच कळून घ्यायचं होतं, जणू ते कळलं की बाकीचं आपोआप जागच्या जागी बसेल. हसत असतील तर भिंगरीने तिला चव्हाट्यावर मांडलं होतं. हसत नसतील तर मग काय, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.

गोदामातले दिवे सांभाळणारा माणूस एरवी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. भिंगरी गेली तेव्हा तो येऊन कोपऱ्यात उभा राहिला होता, तेव्हापासून वहिनी त्याला ओळखत होती. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती त्याच्या दुकानात गेली. तो एका पंख्याच्या पोटात हात घालून बसला होता. तिला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, आणि मग तिच्याकडे इतका टक लावून बघायला लागला, की तिला कुठे बघावं कळेना. तिने विचारलं ते त्याला आधी समजलंच नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, असं तो दोनदा म्हणाला. मग म्हणाला, हसणं कसलं, शेवटाला कोणी खोकतसुद्धा नसे. टॅक्सीवाला तर हसून मुरकुंडी वळायची म्हणाला, असं वहिनीने सांगितलं. दिवेवाल्याने पंख्याचं पातं एकदा फिरवून बघितलं. तसंही व्हायचं म्हणाला. शेवट दर वेळी वेगळा असायचा. कधी वहिनी भिंतीमागून बाहेर यायची ती नाचत यायची. कधी नाक पुसत. कधी भिंतीमागून नुसता हात बाहेर यायचा आणि कपडे द्यायचा. कुठला येणार ते त्यालाही आधी सांगायची नाही, दिवा कधी घालवायचा ते त्याला अंदाजाने ठरवावं लागायचं. चित्रीकरण कोणी केलं असेल तर, असं वहिनीने चाचरत विचारलं. नाही, तो म्हणाला, दारातच सगळ्यांचे फोन टोपलीत टाकून घ्यायची. मग तो एकदम हसला आणि तिच्या हाताकडे बोट केलं. "हे बघा. आता केलंत ना, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून सोडणं? हे अगदी तिचं."

"तिचं की माझं?" वहिनीने विचारलं.

"तेच म्हणतोय मी," दिवेवाला म्हणाला आणि आपण नक्की काय म्हणालो याचा विचार करत राहिला.

त्यानंतर वहिनीला हातांचं काय करावं ते कळेनासं झालं. बसमध्ये तिने ते मांडीखाली घेतले. बंद गुंडाळायची सवय तिला स्वतःला ठाऊक नव्हती. असेल तर ती लग्नाआधीची असेल, की भिंगरीचं बघून लागली असेल? पंचवीस वर्षं एका ओट्याशी काम केल्यावर कोणी कोणाचं उचललं याचा हिशेब कोण मांडणार. घरी कोणी नव्हतं. तिने स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं: झालं. मग जरा हळू: झालं. मग कपाटाच्या दारामागे जाऊन, थांबून, बाहेर येऊन: झालं, कपडे घाल. एकही तिचं वाटेना. एक फार गोड होतं, एक पोलिसासारखं, एक तर चक्क भिंगरी वहिनीची टिंगल करत असती तर जसं आलं असतं तसं. स्वतःला धरायला गेलं की हातात भिंगरीच येत होती. तिला संतापही आला आणि भिंगरीची अशी काही आठवण दाटून आली, की ती कपाटाचं दार धरून तशीच उभी राहिली. जिवंत असती तर तिला चांगली धारेवर धरली असती. काय गं, मला खोड नाही म्हणालीस ना? आणि भिंगरीने मान वाकडी करून असं काही तोंड केलं असतं, की भांडण तिथेच संपलं असतं. ते तोंड कसलं, तेही आता नीट डोळ्यांसमोर येईना.

नवरा बसडेपोत वेळापत्रकं लावायचा. जगात कुठलीही गोष्ट दोन मिनिटं उशिरा झाली तर त्याच्या जिवाला लागायचं, पण बोलून दाखवायचा नाही. बहीण गेल्यापासून तर तो घरात जेवढ्यास तेवढंच बोलायचा, आणि वहिनीनेही त्याला कधी काही विचारलं नव्हतं; दोघांनी जणू ती जागा झाकून ठेवली होती. रविवारी दुपारी तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसला होता. वहिनी समोर बसली, एक शेंग उचलली आणि ती न सोलता म्हणाली, की गोदामात भिंगरी माझी नक्कल करायची. त्याचा हात थांबला नाही. हो, तो म्हणाला. तुम्हाला माहीत होतं? हो. बघितली होती? त्याने सोललेले दाणे बाजूला सारले आणि म्हणाला, सगळ्या बघितल्या. शनिवारी डेपोत जादा काम असतं असं सांगून तो जात होता ते तिथे. जादा काम म्हणून वहिनीने त्याच्यासाठी किती संध्याकाळी जेवण झाकून ठेवलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तिनेच सांगितलं होतं, वहिनीला कळू देऊ नको. कळलं तर ती सावध होईल, मग पकडता येणार नाही." त्याने पुढची शेंग उचलली. "फार कष्टाने पकडली होती म्हणाली तुला. वर्षानुवर्षं लागली."

लोक शेवटी हसायचे का, हे वहिनीने विचारलं. विचारताना तिला वाटलं, आता तरी. हा माणूस बसच्या वेळा तोंडपाठ सांगतो, याला नक्की माहीत असेल. पण तो बराच वेळ शेंगेची शीर ओढत राहिला. म्हणाला, लोकांचं त्याला माहीत नाही, तो लोकांकडे बघत नव्हता. तो स्वतः हसायचा. भाजीवाल्याच्या वेळी, पाहुण्याच्या वेळी, पोट धरून हसायचा. घरी इतकं हसायची सवय राहिली नव्हती. आणि शेवटी? शेवटी खाली बघायचा. कारण भिंतीमागे कोण आहे तेच त्याला कळेनासं व्हायचं, बहीण की बायको, आणि तिथून कोण बाहेर येणार याची भीती वाटायची.

वहिनीने हातातली शेंग खाली ठेवली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तो पुढे बोलेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तो बोलायला लागला, खाली बघूनच, वेळापत्रक वाचून दाखवावं तसा. शेवटच्या शनिवारी ती पडद्याच्या कापडाच्या भिंतीमागे गेली ती आलीच नाही. लोकांना वाटलं, आजचा शेवट हाच. काही हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या, काही नुसते उठले. दिवेवाल्याने दिवा घालवला. नवरा मात्र मागे गेला. ती खाली फरशीवर बसली होती, पाय पसरून, तोंड उघडं, धाप लागलेली. त्याला वाटलं हीसुद्धा नक्कलच, आणि तो हसलासुद्धा. मग त्याला कळलं. तो तिच्याजवळ बसला. बऱ्याच वेळाने तिचा श्वास ठिकाणावर आला, तेव्हा ती काहीतरी बोलली, आणि ते त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दादा, वहिनी आत जाऊन एवढा वेळ काय करते ते मला आज कळलं."

गाडी सुरू झाली आणि निघून गेली. वहिनीने विचारलं, काय करते, सांगितलं का तिने? नवऱ्याने मान हलवली. ते नाही सांगितलं. मी विचारलंही नाही म्हणाला, तिला बोलायला त्रास होत होता. मग त्याने वर बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्याकडे सरळ बघत होता, डोळे किंचित बारीक करून, लांबून येणाऱ्या बसचा नंबर वाचावा तसा.

"काय करत होतीस गं तू आत?" त्याने विचारलं.

वहिनीने तोंड उघडलं. रेक्झिन, पिवळा स्पंज, बाहेरून आलेला आवाज. मधलं काहीच नाही. आठवत नाही, असं सांगून टाकावं, खरं तेच होतं. पण तो वाट बघत होता, मटाराचा हात तसाच हवेत धरून, आणि त्याला असं वाट बघताना तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. वहिनी उठली. खुर्ची मागे सरकवून तिने थोडी जागा केली. "मी आत गेले," ती म्हणाली, आणि आत गेली. म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यापाशी दोन पावलं गेली. पडदा इथे, ती म्हणाली, खुर्ची इथे. मग मी पाहिलं. मग माझं डोकं असं झालं, आणि तिने डोकं कसं झालं ते केलं. मी खुर्चीचा हात धरला. नाही, आधी खाली वाकले, काहीतरी पडलंय म्हणून शोधल्यासारखी, म्हणजे भिंतीतल्या काचेतून तिला मी दिसू नये. तिथे खाली बसून मी तोंडात हाताची मूठ घातली, अशी. हे असंच झालं होतं की आत्ताच सुचत होतं, हे तिला कळत नव्हतं, पण हात थांबत नव्हते. एकातून दुसरं निघत होतं आणि प्रत्येक हालचाल झाल्यावर वाटत होतं, हो, हे तर होतंच. मग बाहेरून ती ओरडली, श्वास सोडू की नको. आणि मी मूठ तोंडात असतानाच म्हणाले, सोड. ते कसं आलं असेल, बघा, आणि तिने तोंडात मूठ घालून सोड म्हटलं.

तिथे तो हसला. हसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

वहिनी थांबली नाही. पुढचं अजून राहिलं होतं.